बाहेरून आरसा

जयमाला : नाई, हे नाई पाह्यजे. हे तं लावली काय आन नाई लावली काय, काच सारखीच दिसते.

मुजम्मिल : तेच तर हिची खुबी आहे, काकू. हे साफवाली फिल्म. काच जशी आहे तशीच दिसते, पण कपड्याचा रंग खाणारं किरण आत येऊ देत नाही. ते किरण डोळ्याले दिसत नाही ना, म्हणून लोकाइच्या ध्यानात येत नाही.

जयमाला : म्हंजे किरन बी दिसत नाई आन फिल्म बी दिसत नाई. फकस्त तू दिसशीन मले, पैसे घेऊन जाताना. वा रे मुजम्मिल!

मुजम्मिल : काय काकू! खामगावात कितीक बंगल्याच्या काचा माह्या हातच्या आहे. कोणाले बी इचारा.

काजल : आई, मले तं हीच बरी वाटते. खोलीत उजेड राहीन.

जयमाला : तुले उजेडाचं लय पडलं वं. उजेडात काय गहू निवडायचे हाये तुले? मुजम्मिल, तू आधी सोफा पाह्य. मंग सांग कोनती लावायची.

मुजम्मिल : दाखवा.

जयमाला : हा पाह्य. इच्या बापानं आंदनात देल्ला. ट्रॅक्टरमधी उभा बांधून आनला होता, साऱ्या संग्रामपुराले दाखवत. डाळिंबी रंग होता, असा का पाह्यत राहावं. आन आता? इकून डाळिंबी, तिकून डाळिंबी, आन मधात हा पट्टा. शेंगाच्या टरफलावानी.

मुजम्मिल : अरे बापरे. चांगलाच उतरला. खिडकीले पडदा नव्हता का?

जयमाला : नव्हता कसा? हा काय, गोधडीएवढा जाड. पश्चिमेची खिडकी हाये, दुपारपासून ऊन आत. म्हनून मी पडदा बंदच ठेवते, सोफा आला तवापासून. तरी सोफा गेलाच. तं या बाईनं नवऱ्याच्या डोक्यात भरवलं, फिल्म लावू, फिल्म लावू. फिल्म लावली का पडदा बंद ठेवायचं कामच नाई म्हने. सारी अक्कल इचीच हाये.

मुजम्मिल : अक्कल बरोबर आहे भाभीची. पण काकू, एक सांगू? बंद पडद्यातून असा पट्टा नाही पडत. तसा उतरला असता तर सारा सोफा सारखा फिक्का झाला असता. हा तर आखल्यासारखा आहे. पडदा जेवढा सरकवला, तेवढाच उतरला. थांबा, दाखवतो. पडदा इथपर्यंत आणला का... हे पाहा. बरोबर जुळलं.

जयमाला : काय म्हनतं?

काजल : झाडताना सरकवते मी, आई. अंधारात धूळ दिसत नाही.

मुजम्मिल : झाडायले किती येळ लागते, भाभी! असा रंग जायले रोज घंटा-दोन घंटे पडदा... म्हंजे... कपडा बी खराब असू शकते. आजकाल कपड्याचं काही सांगता येत नाही.

जयमाला : थांबला काऊन? बोल ना. रोज घंटा-दोन घंटे.

मुजम्मिल : अंदाज आहे, काकू. मी काय पोलीस आहे का?

जयमाला : पोलिसाहून बरा हाये तू. दुपारी मी जरा डोळे मिटते, तेवढाच येळ भरते तो. हाव न, काजल? बोलू नको. आत फोन वाजून राह्यला, शेखरचा असन. मुजम्मिल, मी येते. तोवर जेवढ्या फिल्मा आनल्या तेवढ्या साऱ्या काढून ठेव.

मुजम्मिल : ठेवतो.

काजल : काय केलं भाऊ तुम्ही हे?

मुजम्मिल : मले काय मालूम, भाभी? मी आपलं कपड्याचं सांगितलं.

काजल : हळू बोला. आई येईपर्यंत आयका. काई बी करा, पण साफवालीच लावा. काळी नको. आन ते चकचकीत तर नकोच नको.

मुजम्मिल : पण काऊन?

काजल : माह्ये बाबा येते या रस्त्यानं. भाजी विकते ते. बाजार झाला का समोरच्या पिठाच्या चक्कीपाशी सायकल उभी करते आन चैन बसवल्यासारखं करते. चैन काई पडली नसते. मी इथं उभी राह्यते. ते मले पाह्यते, मी त्याइले पाह्यते. मंग जाते. बाजाराच्या दिवशी तर येतेच, बाकी दिवशी कधी येतीन ते माहीत नसते, म्हणून रोज दुपारी पडदा सरकवून उभी राह्यते मी.

मुजम्मिल : घरात नाही येत?

काजल : आई येऊ देत नाही.

मुजम्मिल : मंग फोन करत जा ना.

काजल : त्याइले आयकू येत नाही, भाऊ. सारा जन्म मळणीच्या मशीनपाशी गेला, कान गेले. वाचता बी येत नाही. मले माय नाही, भाऊ नाही. एक बाबा आहे, आन त्याइले डोळे आहे. बस. आन आता माह्यी तब्येत... पाचवा महिना लागला, तुम्हाले दिसतेच.

मुजम्मिल : हाव. माह्यी बहीण मदिहा, तिले बी पाचवाच चालू आहे. ते तर आली बी आमच्याकडं.

काजल : तेच न! पहिलं बाळंतपण माहेरी असते. बाबाले समजलं का ते घ्यायले येतीन, चार मानसं घेऊन येतीन. घ्यायले आलेल्या बापाले कोणी नाही म्हणू शकत नाही. पण त्याइले कोणी सांगितलंच नाही. मागच्या बाजाराले मी पदर घेऊन उभी होती, त्याइच्या ध्यानात आलं नाही. आज बाजार आहे. आज मी बाजूनं उभी राहणार आहे, पदर खोचून.

मुजम्मिल : या अल्ला.

काजल : नाहीतर तुम्हीच सांगा न त्याइले, बाहेर गेल्यावर. टोपीवाले, काळी सायकल. नुसता हातानं इशारा केला तरी समजीन.

मुजम्मिल : नाही भाभी. ते मले सांगू नका. परक्या घरच्या सुनेचा निरोप घेऊन मी रस्त्यात उभा राह्यलो, तो बी मी, मुजम्मिल, तर लोक त्याले काय काय जोडतीन? आजकाल दिवस कसे आहे तुम्हाले मालूम आहे. दुकान आहे माह्यं, घरी अम्मी आहे. मले काचीपुरतं सांगा. साफवालीचं मी पाह्यतो. तेवढं माह्या हातात आहे.

काजल : तेवढं तरी करा.

जयमाला : शेखरच होता. म्हने आई, तुले पटन ते लाव. माहं पोरगं हिऱ्यावानी हाये. काढल्या का रे फिल्मा?

मुजम्मिल : काढल्या, काकू. पण माह्यं आयका तर साफवालीच लावा. घराची शान राह्यते. लोकाइले सोफा बी दिसन बाहेरून.

जयमाला : मघा तं नुसती खुबी सांगून राह्यला होता. मी फोनवर गेली, तेवढ्यात साफवाली एवढी गोड काऊन झाली?

मुजम्मिल : सोफ्याच्या भल्याचं सांगतो.

जयमाला : सोफ्याच्या भल्याचं ना? मंग तुह्या मायची आन घेऊन सांग. सोफ्याचा रंग कोनत्यात सगळ्यात कमी उतरन?

मुजम्मिल : आता मायची आन घातली, काकू...

जयमाला : सांग.

मुजम्मिल : पूर्ण तर कोणतीच थांबवत नाही. ते किरण साऱ्याच अडवते. पण रंग उजेडानं बी थोडा उतरते, गरमीनं बी उतरते. साफवाली उजेड येऊ देते. चकचकीतवाली उजेड बी अडवते आन गरमी बी. फरक थोडासाच आहे. त्यासाठी खोली अंधारी करायची म्हंजे...

जयमाला : म्हंजे चकचकीत.

काजल : आई, अंधारात मले गरगरते. डॉक्टरनं बी म्हटलं होतं, खोलीत उजेड-वारा पाह्यजे.

जयमाला : माह्ये तीन झाले अंधाऱ्या खोलीत. एकाले बी डोळे कमी नाई. मुजम्मिल, तू फिल्म आतून काचीले धर. एक एक धर. काजल, तू उभी राह्य. रोज राह्यतं तिथंच, पट्ट्यापाशी. मी बाहेरून पाह्यते.

काजल : ऊन आहे आई बाहेर. तुमचं बीपी वाढीन.

जयमाला : रोज पडदा सरकवताना माह्या बीपीची सय नाई आली? उभी राह्य म्हटलं ना!

काजल : भाऊ, साफवाली आधी नका धरू. काळी धरा आधी. मंग आईचं काळीवरच भागलं तर चकचकीत तरी...

मुजम्मिल : भाभी, चूप राहा. त्या पाहून राह्यल्या. रस्ता बी ओलांडला.

जयमाला : मुजम्मिऽऽल! आयकू येते का रे? मी चक्कीपाशी उभी हाये!

मुजम्मिल : येते, काकू! बोला!

जयमाला : कोनती धरली?

मुजम्मिल : साफवाली!

जयमाला : दिसते! सारं दिसते! नाकातली चमकी दिसते! पोट बी दिसते! काढ ते, दुसरी धर!

मुजम्मिल : हे काळी!

जयमाला : अंधुक दिसते! कोनी बाई उभी हाये एवढं समजते! तिच्या बापाले तेवढं बी पुरन! काढ!

काजल : भाऊ, आईले माहीत आहे.

मुजम्मिल : हाव.

काजल : पहिल्यापासून माहीत आहे.

जयमाला : काय बोलून राह्यले रे आत? चकचकीत धर!

मुजम्मिल : धरली!

जयमाला : जरा वर घे! हाव... बस्स! गेली! काजल गेली! माह्यंच तोंड दिसून राह्यलं! माहं कुकू बी नीट करून घेतलं मी! ओ केसरबाई, या वं, पाहा, घरातल्या घरात सून गायब! हेच लाव रे मुजम्मिल, हेच!

मुजम्मिल : मले माफ करा, भाभी.

काजल : मलेच हौस होती फिल्मची. तुमचं काय त्यात?

जयमाला : हुऽश. ऊन हाये बाप्पा. लाग कामाले, मुजम्मिल. चार वाजायच्या आत झालं पाह्यजे. काजल, तू पानी आन त्याले. साबन बी लागते न रे?

मुजम्मिल : साबणाचं पाणी आहे माह्या फवाऱ्यात. काच पुसायले एखादा मऊ कपडा द्या.

जयमाला : दे वं, ते तुह्या लग्नातलं टॉवेल दे. तसंबी कोन वापरते!

काजल : तुम्हाले कधीपासून माहीत होतं, आई?

जयमाला : चक्कीवाली केसरबाई म्हने, तुमच्या इवायाच्या सायकलची चैन आमच्याच दारापुढं पडते हो नेहमी, नवी घेऊन द्या त्याले. साऱ्या गल्लीले माहीत हाये. मी म्हटलं, पडू दे. पाहू दे. पोटुशी नव्हती तोवर मले काय करायचं होतं? कोरडं पाहून गेला तं गेला. आता गोष्ट येगळी हाये.

मुजम्मिल : काकू, जरा सरका, पाणी उडते.

जयमाला : तुले वाटत असन मुजम्मिल, ही बाई राक्षसीन हाये.

मुजम्मिल : मी कशाले म्हणू? मी काचीकडं पाहून राह्यलो.

जयमाला : मंग काचीकडं पाहूनच आयक. हे घर बांधलं, वास्तुशांती केली. पन्नास पानं बसली होती. माहा भाऊ पिंपळगाव राजाहून गाडी करून आलता. इचा बाप आला. मी सोता त्याचं पान वाढलं. बुंदी, वरन, वांग्याची भाजी. हात जोडून म्हने, नाई इहीनबाई, पोरीले लेकरू होईपर्यंत मी पोरीच्या घरचं अन्न खात नाई, पानी पेत नाई.

काजल : रीत आहे ती. आमच्याकडं पाळते.

जयमाला : कोन पाळते आता? माह्या ननंदेचा इवाई जेवला नाई? माह्या भावाचा इवाई दोनदा बुंदी घेऊन जेवला! आन बरं, नाई खात तं नको खाऊ. घरी जाय गुमान. तं हा मानूस काय करते मुजम्मिल, सायकलले लावलेली बाटली काढते, माह्या ओसरीत बसते, आन पन्नास मानसापुढं त्या बाटलीतलं पानी घटाघटा पेते. माह्या घरच्या हंड्यापाशी बसून! लोक हसले. माहा भाऊ हसला. म्हने जया, तुह्या पान्यात औषध हाये का?

काजल : त्याइले आयकू येत नाही, आई. लोक हसले ते समजलं बी नाही त्याइले. तहान लागली, पाणी पेले.

जयमाला : मले तं आयकू येते न.

काजल : मी तुमची माफी मागितली. बाबाइनं बी मागितली. तुमच्या पायावर टोपी ठेवली त्याइनं.

जयमाला : हाव, ठेवली. आन मी म्हटलं, ठीक हाये. तुले रीत मोठी ना? मंग रीतच पाळू. लेकरू होईपर्यंत तू माहं पानी पेत नाई, आन लेकरू होईपर्यंत मी तुले माहा उंबरठा दाखवत नाई. यात मी काय वाकडं बोलली, सांग मुजम्मिल.

मुजम्मिल : काकू, ह्या कोपऱ्यात बुडबुडा राह्यला, पट्टीनं काढतो.

काजल : आई, बाळंतपणाचं तरी सांगा त्याइले. मी हात जोडते. पहिली खेप माहेरचीच असते, ते बी रीतच आहे. सातव्यात त्याइले चोळी करायची असते. मायनं मरायच्या आधी लुगडं घेऊन ठेवलं माह्यासाठी, हिरवं. पेटीत आहे ते.

जयमाला : सांगू न. मी कवा म्हटलं नाई सांगत म्हनून?

काजल : कधी सांगता?

जयमाला : नववा लागला का. तवा डॉक्टरच म्हनते, आता प्रवास नाई. मंग तो बी गप, तू बी गप. बाळंतपन इथं होईन, माह्या हातानं. आन झालं का पेढे पाठवू त्याच्या घरी. सोबत एक बाटली पानी बी पाठवू, माह्या हंड्यातलं. पेईन तो. पन्नास मानसापुढं पेईन.

मुजम्मिल : काकू, मी मधात बोलू नये. पण पोरीचा जीव बापात असते.

जयमाला : बरोबर हाये, मधात बोलू नये. माह्या भावाच्या नव्या बंगल्याच्या काचा बाकी हाये. अठरा खिडक्या. त्यानं मले इचारलं, कोन चांगला हाये. मी काय सांगू त्याले?

मुजम्मिल : ...तुमच्या मर्जीवर आहे, काकू.

जयमाला : मंग लाव नीट.

काजल : भाऊ, लाइट लावला तर? खोलीत ट्यूब लावली तर बाहेरून दिसन का?

मुजम्मिल : रात्री दिसन, भाभी. रात्री आत उजेड आन बाहेर अंधार, तेव्हा हे फिल्म उलटी होते. पण दिवसा उन्हापुढं ट्यूबचं काय चालते?

जयमाला : आन रात्री त्याच्या सायकलले दिवा नाई. तो अंधार पडायच्या आत घरी जाते.

काजल : काहीच नाही का मंग?

मुजम्मिल : कोणी काचीले अगदी नाक लावलं, दोन्ही हातानं असा आडोसा केला आन डोकावलं, तर आतलं दिसते.

जयमाला : आयकलं का, काजल? डोकावलं तर दिसते. देव हाये बाप्पा! आता तुह्या बापानं फकस्त इवायाच्या खिडकीत डोकावायचं. करीन का तो? तो रीतीचा मानूस. दुसऱ्याच्या घरात बायामानसं असते, डोकावीन का तो?

काजल : नाही डोकावणार.

जयमाला : जीव गेला तरी नाई डोकावनार. मले भरोसा हाये त्याच्यावर.

मुजम्मिल : झालं, काकू. पाहा एकदा. पाणी सुकेपर्यंत खिडकी सरकवू नका, हात लावू नका, ठोकू नका. ओल्यात हात लागला का फिल्म सरकते.

जयमाला : कोनी नाई लावत हात. चहा घेशीन?

मुजम्मिल : नको, काकू. आज माहा रोजा... नाही, रोजा नाही. तसाच नको. येतो, भाभी.

(मुजम्मिल गेला. ऊन कलंडलं. चक्कीपुढं एक सायकल थांबली.)

काजल : आले.

जयमाला : आला का? सरक, मले बी पाहू दे. बाप्पा! आतून कसं साफ दिसते! टीव्ही लावल्यावानी. त्याच्या सदऱ्याची तुटकी गुंडी बी दिसून राह्यली.

काजल : चैन बसवून राह्यले.

जयमाला : बसवू दे. हातचं काम हाये त्याच्या.

काजल : पाह्यलं. इकडं पाह्यलं त्याइनं. बाबा! बाबा, मी इथं आहे!

जयमाला : ओरड, ओरड. घसा बसन तुहा.

काजल : डोळ्यावर हात धरला. ऊन चमकून राह्यलं आई त्याइच्या डोळ्यात. त्याइले वाटन मी आलीच नाही.

जयमाला : वाटू दे.

काजल : मी लाइट लावते.

जयमाला : लाव. साऱ्या घरातले लाव.

काजल : ...नाही दिसत. त्याइले काहीच नाही दिसत.

जयमाला : तुले सांगितलं न त्या पोट्ट्यानं?

काजल : सायकल सोडली. रस्ता ओलांडून येऊन राह्यले ते. आई, ते इकडंच येऊन राह्यले! बाबा, हे पाहा. हे पाहा, मी बाजूनं उभी आहे. पदर खोचला मी. पाचवा लागला बाबा, हे पाहा...

जयमाला : काचीले हात नको लावू, ओली हाये.

काजल : मी बाहेर जाते.

जयमाला : जाय. दार उघडं हाये, कडी बी नाई लावली. जाय ना. पन बाहेर ठेवलेला पाय आत ठेवायचा नाई, एवढंच. मंग पाह्य तुहा बाप काय करते. खुश नाई होनार तो. पोटुशी पोरीले घरातून काढली म्हनून याच रस्त्यावर, साऱ्या बाजारापुढं, माह्या पायावर टोपी ठेवीन. दुसऱ्यांदा. ते पाह्यचं असन तं जाय.

काजल : हातभर अंतर आहे, आई. माह्या डोळ्यात पाहून राह्यले ते.

जयमाला : तुह्या नाई. सोताच्या.

काजल : बाबा, हात लावा न काचीले. डोकवा. एकदाच डोकवा. मी कोणाले नाही सांगणार.

जयमाला : नाई डोकावत.

काजल : टोपी काढली. केसावरून हात फिरवला त्याइनं. किती पिकले बाबाचे केस! तिकून नाही दिसत एवढे. टोपी घातली... वाकडी झाली. सरळ केली.

जयमाला : आरसा दिसला का सारेच करते.

काजल : हसले.

जयमाला : आरशात पाहून हसते का कोनी?

काजल : मी आतून पाहून राह्यली असन, असं वाटलं त्याइले. म्हणून टोपी सरळ केली. म्हणून हसले ते, आई.

जयमाला : असन.

काजल : खाली वाकले.

जयमाला : काईतरी ठेवलं खिडकीखाली. मेथीची जुडी हाये वाटते. कवळी हाये. तो वळनापलीकडं गेला का घेऊन ये. राती भाजी कर, लसून जास्त टाकजो, शेखरले आवडते.

काजल : सायकलवर बसले. मांगं पाहून राह्यले... गेले.

जयमाला : डोळे पूस. पोटातल्या लेकरावर परिनाम होते. आन ट्यूब बंद कर आधी.

काजल : आई, पडदा लावू का?

जयमाला : काऊन? राहू दे उघडा. आता सोफ्याले काई होत नाई.